मुळीकांच्या घरची भाकरी

"त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही जेवला होता का?" इनामदार वकिलांनी मला विचारलं.

सकाळपासून त्यांनी मला बरंच काही विचारलं होतं. लाकडं कुठून आणली, तिरडी कुणी उचलली, पाऊस कोणत्या अंगानं येत होता. आवाज एकदाही चढवला नाही. मला ते 'वायदंडे साहेब' म्हणत होते. मी गवंडी माणूस, मला जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते आरोपीच्या वकिलानं.

पण हा प्रश्न ऐकून मी थांबलो. बायकोला जाळून आलेल्या माणसाला, तू जेवलास का, असं नंतर कुणी विचारत नाही.

"जेवलो," मी म्हणालो.

"घरात चूल पेटली होती?"

"नाही."

"मग जेवण कुणी आणलं?"

मागच्या बाकावर जालिंदर मुळीक बसला होता. आरोपी तोच. पांढरा शर्ट, मांडीवर टोपी. तो माझ्याकडं बघत होता. त्याच्या तोंडावर मला राग दिसला नाही. आपलं काहीतरी देणं समोरच्यानं आता कबूल करावं, अशी वाट बघतात तसा बघत होता.

नाही म्हणता आलं असतं. आणणाऱ्या बाईला वस्तीतल्या कुणी बघितलं नव्हतं.

"पारूकाकींनी," मी म्हणालो. "जालिंदरच्या आईनं."

न्यायाधीश साहेबांनी टायपिस्टला ते वाक्य सांगितलं. इनामदार वकील ते टाइप होईपर्यंत थांबले, मग हळू म्हणाले, "म्हणजे ज्यानं जातीवरून स्मशानातून हाकललं असं तुम्ही म्हणता, त्याच्याच घरची भाकरी तुम्ही त्याच संध्याकाळी खाल्लीत. ती आरोपीनंच पाठवली होती."

"नाही. काकी आपल्या मनानं आल्या होत्या. त्या मला म्हणाल्या की..."

"त्या काय म्हणाल्या ते नको. दुसऱ्याकडून ऐकलेलं इथं चालत नाही. तुम्ही स्वतः काय बघितलं तेवढंच."

साहेबांनीही मान हलवली.

मी काय बघितलं ते सांगतो.

माझी बायको हौसा काविळीनं सिव्हिलमध्ये वारली. आषाढाचे दिवस. तिला गावात आणली तेव्हा पावसाला खळ नव्हता. आमच्या तांबवडीत आमच्या वस्तीची माणसं ओढ्याच्या काठाला जाळतात. उघडी जागा आहे, आणि त्या दिवशी ओढा काठ सोडून वर आला होता. गावाची स्मशानभूमी वरच्या अंगाला, सरकारी पैशातून बांधलेली. पक्का ओटा, लोखंडी जाळी, वर पत्रा. बाहेर पाटी आहे, सार्वजनिक म्हणून. आमच्यातलं कुणी तिथं कधी नेलं नव्हतं. कुणी नेऊ नका म्हटलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. माझा मेहुणा म्हणाला, पाटी वाचता येते ना आपल्याला, चला. आम्ही नेली.

लाकडं रचून झाली तेव्हा जालिंदर चार माणसं घेऊन आला. तेव्हा तो पंचायतीत मेंबर होता. म्हणाला, "इथं नको. पत्रा सुटलाय, कुणाच्या डोक्यात पडंल. तुमच्या जागेत न्या."

पत्रा सुटलेला नव्हता. वारं होतं, पण तो वाजतसुद्धा नव्हता. मेहुणा भांडायला लागला. त्यांच्यातल्या एकानं रचलेल्या लाकडांना लाथ घातली. वरचा ओंडका घरंगळत तिरडीपाशी आला. आता ह्यांचा पाय तिला लागेल, एवढंच माझ्या मनात आलं. मी तिरडीचं पुढचं टोक उचललं. म्हणून तिरडी कुणी उचलली, असं कोर्टात विचारल्यावर मला 'मी' असंच सांगावं लागलं.

ओढ्याला टायर आणि डिझेल घालून जाळली. त्याबद्दल मी कोर्टात जेवढं लागलं तेवढं सांगितलं. इथं सांगत नाही.

मेहुणा तिथूनच पोलीस स्टेशनला गेला. संध्याकाळी वस्तीत पोलिसांची गाडी आली, तशी सगळ्यांनी दारं लावून घेतली. घरात माणूस गेलं की चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे भाकरी-कालवण आणतात, बळंच चार घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. त्या संध्याकाळी माझ्याकडं कुणी आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. बहुतेकांची पोटं मुळीकांच्या रानात होती.

पारूकाकी गोठ्यामागच्या वाटेनं आल्या, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. फडक्यात भाकरी आणि मुगाचं कोरड्यास होतं. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. बाहेरच दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, खा. मी खाईपर्यंत तिथंच भिजत बसल्या. जाताना एक वाक्य बोलल्या. तेच मला कोर्टात सांगू दिलं नाही.

काकींचं आणि हौसाचं जुनं होतं. हौसा त्यांच्या रानात भांगलायला जायची. दुपारी दोघी गोठ्याच्या भिंतीला टेकून मिसरी लावत बसायच्या, नवऱ्यांच्या आणि सुनांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. मिसरी काकींची. पण त्या डबी हातात द्यायच्या नाहीत, वरून तळहातावर टाकायच्या. हौसा घरी येऊन हसायची. म्हणायची, एक दिस वारं सुटंल आणि सगळी मिसरी काकींच्याच डोळ्यात जाईल. मला राग यायचा. ती म्हणायची, अहो, तेवढं सोडलं तर लई चांगल्या हायत.

जेवणाच्या सुट्टीत गायकवाड मॅडमनी मला वऱ्हांड्यात बाजूला घेतलं. त्या सरकारी वकील. तरुण होत्या, फटकळ होत्या, आणि एवढ्या वर्षांत आमचे कागद नीट वाचून आलेल्या त्या पहिल्याच. त्यांनी मला समजावलं, की स्मशानात जातीवरून अडवणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे. पण ते म्हणतात पत्र्यामुळं अडवलं. वस्तीतले दोन साक्षीदार फितूर झालेत. मेहुणा घरचाच माणूस. राहिले तुम्ही, आणि तुम्ही तर त्यांच्या घरची भाकरी खाल्ली म्हणून सांगितलंत.

"खोटं सांगायला पाहिजे होतं का?" मी विचारलं.

"तसं मी म्हणाले नाही. ती बाई तुम्हाला काय म्हणाली?"

"म्हणाल्या, इष्णू, पत्रा सुटला न्हवता."

मॅडमनी ते वाक्य कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, हे तिनं स्वतः येऊन सांगितलं तर केस उभी राहते. अर्ज देऊन तिला बोलवता येईल. पण आधी ती बोलेल का ते विचारून या. कोर्टात उभी राहून उलटी फिरली तर आहे तेवढंही जाईल.

जालिंदर तुरुंगात जावा असं मला फार वाटत नव्हतं. तुरुंगानं माझं काही भरून येणार नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं, की हौसाला त्या ओट्यावर जळायचा हक्क होता आणि तिला उठवली ते चूक झालं, असं कुणीतरी खुर्चीवर बसून एकदा म्हणावं. लेक लग्न होऊन पुण्याला. घरात मी एकटा. दिवसभर भिंती बांधायच्या आणि संध्याकाळी आपल्या भिंतीत येऊन बसायचं. त्यात मला त्या एका वाक्याची वाट बघायचं काम होतं.

मी मुळीकांच्या वाड्यापाशी गेलो ते दुपारचं, जालिंदर कारखान्यावर गेल्याचं बघून. काकी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी फाटकाच्या बाहेर उभा राहिलो.

"आत ये की," काकी म्हणाल्या.

"बरा आहे इथं."

"मग बस तिथंच उन्हात. तुमी नवराबायकू दोगंबी हट्टी."

मॅडम काय म्हणाल्या ते मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शेंगा फोडायचं थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "पोटचा हाय त्यो."

"ठावं आहे."

"म्या न्हाई बोलले तर?"

"सुटेल तो."

"आन् तू?"

"माझं काय बदलायचंय, काकी."

त्यांनी बोटानं टरफलं एका बाजूला सारली. "हौसा असती तर तिनं तुला हे इचारायला धाडला नसता," त्या म्हणाल्या.

ते खरं होतं. हौसानं धाडला नसता. मी उठलो. काकींनी मागून हाक मारली असं मला वाटलं, पण वळून बघितलं तर त्या खाली मान घालून शेंगा निवडत होत्या.

मॅडमना मी सांगितलं, काकींना बोलवू नका. त्या चिडल्या. तुम्हाला निकाल पाहिजे की नको, म्हणाल्या. मी म्हणालो, पाहिजे, पण लेकाच्या विरुद्ध आईला उभी करून नको. मॅडमनी फाईल मिटली. म्हणाल्या, मग देवावर सोडा.

देवावर सोडायची वेळ आली नाही. काकींना बोलावलं ते इनामदार वकिलांनी.

आरोपीच्या बाजूनं साक्षीदार म्हणून. जालिंदरनंच तसा हट्ट धरला होता, हे मला नंतर कळलं. वकिलांना आई नको होती. ते म्हणत होते, वायदंड्यानं भाकरी खाल्ल्याचं कबूल केलंय, तेवढं पुरे. पण जालिंदर म्हणाला, माझ्या आईच्या तोंडून जगाला कळू दे आम्ही त्यांच्याशी कसं वागतो. गावात चावडीवरही तो हेच सांगत फिरत होता. म्हणत होता, आमच्या घरची भाकरी खाऊन आमच्यावर अ‍ॅट्रॉसिटी घातली.

त्या दिवशी काकी हिरव्या इरकली लुगड्यात आल्या होत्या. जालिंदरनं हाताला धरून पिंजऱ्यापर्यंत आणलं. साहेबांनी खुर्ची द्यायला सांगितलं, पण त्या उभ्याच राहिल्या. शपथ घेतली. इनामदार वकिलांनी आधी सोपं सोपं विचारलं. वय काय, हौसाबाई तुमच्याकडं कामाला होती का, कधी भांडण झालं का. काकी हो-नाही म्हणत गेल्या.

"ती वारली त्या संध्याकाळी तुम्ही वायदंडेंना भाकरी दिलीत?"

"दिली."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

काकींनी पदर सारखा केला. वकिलांनी पुन्हा विचारलं. "मुलानं सांगितलं म्हणून दिलीत ना?"

मॅडम हरकत घ्यायला उठल्या, पण काकी त्याआधी बोलल्या.

"कडू घास कुणी सांगितला म्हून नेत्यात व्हय, वकीलसाहेब? तुमच्यात तशी चाल असंल. आमच्यात आपण हून न्यायचा असतो. आन् नेला की त्येचं नाव काढायचं नसतं. खाणाऱ्यानं न्हाई, देणाऱ्यानं तर न्हाईच. त्यो काय उपकार हाय?" मग त्यांनी जालिंदरकडं बघितलं. "ह्येनं साऱ्या गावात सांगितला. आता कोर्टात आणून मोजाय लावलाय. मेलेल्या बाईच्या नावाचा घास."

इनामदार वकील हुशार माणूस. एवढं ऐकून त्यांनी आणखी काही विचारायचं नाही म्हणून सांगितलं आणि खाली बसले. पण मॅडम उभ्या होत्या.

"आजी, तुमचा मुलगा म्हणतो स्मशानातला पत्रा सुटला होता. म्हणून त्यानं अडवलं. सुटला होता का?"

"न्हाई."

"तुम्ही तर तिथं नव्हता. मग कशावरून म्हणता?"

मला वाटलं काकी आता थांबतील. डोळ्याला दिसत नाही म्हणतील, आठवत नाही म्हणतील. म्हातारं माणूस, कुणी काही म्हटलं नसतं. मलाही वाईट वाटलं नसतं.

"पत्रा सुटला असता तर त्येनं घरी येऊन गोमूत्र कशाला मागितलं असतं?" काकी म्हणाल्या.

"कुणी मागितलं?"

"जालिंदरनं. दारात उभा ऱ्हायला आन् म्हणला, आई, तांब्याभर गोमूत्र दे. त्यांनी वट्यावर मडं ठेवलं हुतं, वटा धुवायचाय. उद्या आपल्या माणसास्नी तिथं कसं ठेवायचं." काकींनी उजवा हात पुढं केला. "गोठ्यात मीच गेले. ह्या हातानं तांब्या भरला आन् दिला. त्यो गेल्याव मग म्या भाकरी थापल्या."

साहेबांनी टायपिस्टला सगळं सावकाश सांगितलं. गोमूत्र हा शब्द त्यांनी दोनदा सांगितला. जालिंदरनं मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली, मग कोर्टात आहोत हे लक्षात येऊन काढली.

मी काकींकडं बघितलं नाही. ओटा धुतला हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. हौसा तिथं जेवढा वेळ होती, तेवढी जागाही त्यांनी धुऊन काढली होती. आणि ते गोमूत्र ज्या हातानं दिलं, त्याच हातची भाकरी मी खाल्ली होती.

निकाल पुढं चार-सहा महिन्यांनी लागला. जालिंदरला शिक्षा झाली. साहेबांनी निकालपत्र वाचताना हक्क हा शब्द वापरला, मॅडमनी मला खुणेनं दाखवलं. अपील झालं, जामीन झाला, ते वर अजून पडून आहे. मला ज्याची वाट होती ते झालं. पण जे सांगायचं आहे ते काकींच्या साक्षीच्या दिवसाचंच.

साक्ष संपली तशी जालिंदरची जीप निघून गेली. आईसाठी थांबली नाही. काकी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. पायातली एक चप्पल काढून तळवा चोळत होत्या. मी त्यांच्या अंगावरून फाटकापर्यंत गेलो. तिथं चहाच्या गाड्यापाशी उभा राहिलो, चहा घेतला नाही. माणसं जात-येत होती. मग परत आलो.

"गाडी गेली, काकी. एसटी आहे आता," मी म्हणालो.

त्या उठल्या. स्टँडपर्यंत मी पुढं आणि त्या मागं चाललो. एसटीत त्या पुढच्या बाकावर बसल्या, मी त्यांच्या मागच्या. कंडक्टर आला. पोरसवदा होता. त्यानं काकींना विचारलं, आजी कुठं, बरोबर कोण आहे? काकी खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्याजवळ पिशवी नव्हती, काही नव्हतं. ती जीपमध्येच राहिली असणार.

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं.

"माझ्या गावच्या आहेत," मी म्हणालो. "तांबवडी. एक फुल, एक हाफ."

फाट्यावर दोघं उतरलो. तिथून एक रस्ता गावात जातो, एक आमच्या वस्तीकडं. काकी गावाच्या रस्त्याकडं वळल्या नाहीत. शेडमधल्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "लेकीच्या गावाला जाते. मागनं गाडी हाय न्हवं?"

आहे म्हणालो. मी त्यांना सोडून जाऊ शकलो नाही, आणि त्यांच्याजवळ बसूही शकलो नाही. उभाच राहिलो.

"इष्णू," त्या म्हणाल्या. "त्या दिशी तुला ते ठावं असतं, तर भाकरी खाल्ली असतीस?"

मी विचार केला. उगाच चांगलं वाटावं म्हणून काही बोलायचं नव्हतं, आणि वाईट वाटावं म्हणूनही नव्हतं.

"भूक लागली होती, काकी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. लांबून एसटी दिसली तसे मी तिकिटापुरते पैसे त्यांच्याजवळ बाकावर ठेवले आणि रस्त्यात जाऊन हात केला. त्या कठड्याला धरून चढल्या, मागं बघितलं नाही. त्यानंतर त्या तांबवडीत परत आल्या नाहीत. लेकीकडंच वारल्या, तिथंच जाळलं, असं मी ऐकलं. मला कुणी कळवलं नव्हतं.

मी घरी आलो. कुलूप काढलं, आत जाऊन बसलो. हौसा गेल्यापासून मी घरात एकटा कधी मोठ्यानं बोललो नव्हतो. बोलायला लागलं की माणूस खुळावतो, असं माझा बाप म्हणायचा. त्या संध्याकाळी बोललो. तिचं नाव घेऊन हाक मारली आणि म्हणालो, काकी बोलल्या गं. सगळ्या कोर्टासमोर बोलल्या. वकिलाला गप्प बसवलं. पत्रा सुटला नव्हता म्हणाल्या. कुठलं लुगडं नेसल्या होत्या तेही सांगितलं.

सगळं सांगितलं. गोमूत्राचं तेवढं सांगितलं नाही.